ब्राउनी करायला घेतली की केकच होतो. कुठे चुकतंय?

मेथीची_जुडी | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे. स्वयंपाकघरात मी अगदीच ढ नाही. पुरणपोळी फुटत नाही, अनारशाला जाळी पडते, दिवाळीत चकल्या शेजारचे मागून नेतात. पण ब्राउनीने महिनाभरात चार वेळा पार तोंडघशी पाडलंय.

लेकीला वाढदिवसाला यंदा केक नको, ब्राउनी हवी. तीही विकतची नको, "तू कर." (हे प्रेम की शिक्षा, अजून ठरत नाहीये.) तिला हवी ती अशी: वर कागदाइतकी पातळ, चकचकीत, तडे गेलेली पापडी आणि आत ओलसर, घट्ट, दाताला चिकटणारी. माझी होते ती चॉकलेट केकची वडी. टम्म फुगते, मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी चहात बुडवून खावी लागते. नवरा म्हणाला, "टोस्ट छान झालाय."

मी करते ती पाकृ: दीड कप मैदा, पाव कप कोको, चमचाभर बेकिंग पावडर, १०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट, अर्धा कप अमूल बटर, एक कप साखर, दोन अंडी, अर्धा कप दूध. बटर-चॉकलेट वितळवून घेते, मग सगळं बीटरने एकजीव करून १८० वर ४० मिनिटं, सुरी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १९ लिटरचा, लग्नातला.

वाढदिवस २२ तारखेला. आज ८. वाचवा.

कल्याण_स्लो | रात्री १०:५२

वाचवायचं कशाला? चार वेळा केक फुकट मिळाला की घरच्यांना. (दिवे घ्या.)

केमिस्ट्रीवाली | रात्री ११:१५

मेथी, तुझं काहीच चुकलेलं नाही. तू केकची पाकृ अगदी बरोबर केलीस, म्हणून केक झाला. :)

आकडे बघ. दीड कप मैदा म्हणजे जवळजवळ १९० ग्रॅम. अर्धा कप बटर ११३ ग्रॅम. म्हणजे मैदा बटरच्या दीडपटीहून जास्त. दाट ब्राउनीत हे उलटं असतं. तिथे बटर आणि चॉकलेट मिळून मैद्याच्या तिप्पट-चौपट भरतं आणि मैदा जेमतेम सगळं धरून ठेवण्यापुरता. त्यात तुझं दूध आणि बेकिंग पावडर. दूध पिठाला सैल करतं, पावडर त्यात हवा भरते. दोन्ही काढून टाक. जो थोडासा फुगवटा लागतो तो अंड्यांतून येतो आणि बाहेर काढल्यावर तो बसलाच पाहिजे. केक बसला की आपण रडतो, ब्राउनी बसली की टाळ्या वाजवायच्या.

आणि "सुरी स्वच्छ बाहेर येईपर्यंत" हे वाक्य आजपासून विसर. सुरी स्वच्छ आली म्हणजे ब्राउनी गेली. टूथपिकला ओला रवाळ चुरा चिकटून यायला हवा. वाहतं पीठ आलं तर कच्ची, काहीच नाही आलं तर उशीर झाला. भांडं बाहेर काढल्यावरही आतली उष्णता दहा मिनिटं शिजवत राहते, त्याचा हिशेब धरायचा असतो.

माझं प्रमाण देते, गेली सहा-सात वर्षं हेच वापरते. डार्क चॉकलेट १८० ग्रॅम (खरं, कोको बटरवालं; वनस्पती तेलाचं कंपाउंड नव्हे), बटर १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम मिक्सरमधून एकदा फिरवून, अंडी ३, मैदा ८० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी एक छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा. मीठ पाव चमचा, पण अमूलचं नेहमीचं खारं बटर असेल तर मीठ घालू नको, त्यात पुरेसं असतं. अक्रोड हवे तर मूठभर, आधी कोरडेच भाजून. आठ इंची चौकोनी भांडं, बटर पेपर दोन बाजूंनी बाहेर लोंबता ठेवायचा म्हणजे अख्खी उचलून काढता येते. १७० ला २५ मिनिटं.

चॉकलेट आणि बटर डबल बॉयलरवर वितळव. खालच्या पाण्याला वरचं भांडं टेकू देऊ नको आणि चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब जाऊ देऊ नको, नाहीतर ते गच्च होऊन सिमेंटसारखं बसतं. अंडी-साखर चार-पाच मिनिटं फेट, फिकट आणि दाट व्हायला हवं. त्यात कोमट चॉकलेट. मग मैदा-कोको चाळून, आणि इथून पुढे बीटर बंद. उलथन्याने हलक्या हाताने, पांढरं दिसेनासं झालं की थांबायचं. जास्त घोटलंस तर मैद्यात ग्लुटेन, म्हणजे ताणलं जाणारं चिकट जाळं, तयार होतं आणि ब्राउनी चिवट होते.

आबा_सदाशिवकर | सोमवार, सकाळी ६:१०

म्हणजे मैदा कमी, बटर जास्त, साखर जास्त, आणि वर कच्ची काढायची. आमच्या आईने अशा पदार्थाला "बिघडलेला केक" म्हटलं असतं.

लेक_मिशिगनकाठी | सोमवार, सकाळी ७:३५

आबा, तुमची आई अगदीच चुकीची नव्हती, बिघडलेल्या केकच्या कथा इथे अमेरिकेतही सांगतात. :) कुणीतरी बेकिंग पावडर घालायला विसरलं आणि ब्राउनी झाली, वगैरे. पुरावा शून्य.

मी शिकागोत राहते. इथलं पामर हाउस हॉटेल ब्राउनी आपलीच म्हणून सांगतं. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात बर्था पामर बायकांच्या व्यवस्थापन मंडळाच्या अध्यक्ष होत्या, आणि हॉटेल त्यांच्या नवऱ्याचं. प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या जेवणाच्या डब्यात मावेल, केकपेक्षा लहान असेल आणि हाताने खाता येईल असं काहीतरी गोड करा, असं त्यांनी हॉटेलच्या स्वयंपाक्यांना सांगितलं. त्यातून अक्रोड घातलेली, वर जर्दाळूचा लेप दिलेली चॉकलेटची वडी निघाली. हॉटेलात ती आजही मिळते. मी खाल्ली आहे. जर्दाळूचा लेप मला फारसा रुचला नाही, पण वडी जबरदस्त दाट होती.

गंमत म्हणजे विवेकानंदांचं शिकागोचं भाषण त्याच वर्षीचं, त्याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या धर्मपरिषदेतलं. म्हणजे स्वामीजी सप्टेंबरात इथे "बंधू-भगिनींनो" म्हणत होते तेव्हा त्याच शहरात कुणाच्या तरी डब्यात ती वडी असणार.

"ब्राउनी" हे नाव मात्र त्या वडीला तेव्हा नव्हतं. छापील पाकृत ते फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या बोस्टनच्या पाकपुस्तकात येतं आणि त्या ब्राउनीत चॉकलेटच नाही! छोट्या साच्यांत भाजलेले मोलॅसिसचे, म्हणजे आपल्या काकवीचे, छोटे केक आहेत ते. चॉकलेटची ब्राउनी त्याच पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत आली.

पंचगंगाकाठी | सोमवार, सकाळी ९:०५

काकवी म्हणजे मोलॅसिस नव्हे. आमचं गुऱ्हाळ आहे, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

काकवी म्हणजे उसाचा रस उकळून, वर येणारी घाण काढून, गुळाच्या थोडं अलीकडे उतरवलेला पाक. त्यातली सगळी साखर त्यातच असते. मोलॅसिस म्हणजे साखर काढून झाल्यावर कारखान्यात उरतो तो काळा चिकट द्रव, त्याला कारखान्याकडे मळीच म्हणतात. एक भाकरीला लावून खातात, दुसऱ्याची दारू गाळतात. दोन्ही एकच म्हणू नका ओ.

लेक_मिशिगनकाठी | सोमवार, सकाळी ९:२०

मान्य, चूक कबूल. इथे दुकानात मिळतं ते खाण्याचं मोलॅसिस, कारखान्यातल्या शेवटच्या मळीइतकं कडू नसतं. पण काकवी नव्हेच.

केमिस्ट्रीवाली | सोमवार, सकाळी ११:००

पंचगंगाताई, बरोबर. तरीही ब्राउनीत काकवी चालते आणि चांगली चालते. परदेशी पाकृत ब्राउन शुगर लिहिलेली असते, ती म्हणजे पांढऱ्या साखरेला थोडं मोलॅसिस चोळलेलं. ती ओल धरून ठेवते, म्हणून ब्राउनी चिवट-ओलसर होते. इथे ती महागडी पाकिटं आणण्यापेक्षा २०० तली २० ग्रॅम साखर कमी करून एक मोठा चमचा घट्ट काकवी घालायची. चव वेगळी येते, खमंग. त्याहून जास्त घातलीत तर वरची पापडी जमत नाही, हे मात्र मी हात पोळून शिकले आहे.

पंचगंगाकाठी | सोमवार, सकाळी ११:०८

आता कसं बोललात! काकवी पाठवू का डबाभर?

उपासाची_मिसळ | सोमवार, दुपारी २:३०

आमच्याकडे अंडं चालत नाही. माझी बिनअंड्याची पद्धत: कंडेन्स्ड मिल्क अर्धा डबा (२०० ग्रॅम), बटर १०० ग्रॅम, डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, कोको २० ग्रॅम, दूध ८०-१०० मिली, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा. वेगळी साखर नाही. अंडं नाही म्हणून फुगायला पावडरीचा थोडा आधार लागतो. १७० ला २५ मिनिटं. आत मस्त गच्च होते. पण खरं सांगते, ती तडे गेलेली पापडी याला येत नाही. जवसाची पूड भिजवून घालतात (एका अंड्याला एक मोठा चमचा पूड, तीन चमचे पाणी), तेही केलं. बांधून ठेवते, पण पापडी नाही ती नाहीच.

केमिस्ट्रीवाली | सोमवार, दुपारी ३:१०

कारण ती पापडी म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात विरघळलेली साखर. भाजताना ती वर एक पातळ थर धरते, थर वाळतो आणि खालची ब्राउनी बसली की तडकतो. मेरांगचा (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून भाजलेला कुरकुरीत पदार्थ) चुलतभाऊ समजा.

आबा_सदाशिवकर | सोमवार, सायंकाळी ५:००

ओटीजी नसलेल्यांनी काय करावं? आमच्याकडे लहानपणी नानकटाईचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायचो. दिवाळीच्या आधी चार दिवस. डब्यावर खडूने नाव. एकदा आमच्या डब्यात भलत्याच कुणाच्या नानकटाया आल्या आणि त्या आमच्यापेक्षा चांगल्या होत्या, म्हणून आईने परत केल्या नाहीत.

कल्याण_स्लो | सोमवार, सायंकाळी ५:२५

आबा, कुकर! जुना ॲल्युमिनियमचा जाड कुकर, तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून टाकायची, पाणी अजिबात नाही. मोठ्या आचेवर दहा मिनिटं तापवायचा, मग भांडं ठेवून मंद आचेवर ३५-४० मिनिटं. बायकोच्या चांगल्या कुकरवर हा प्रयोग करू नका, कोरडा तापवल्याने वाकडा होतो. कसं माहीत, विचारू नका. उष्णता फक्त खालून, त्यामुळे वरून पापडी-बिपडी विसरा, पण आत झकास.

भरडधान्य | सोमवार, रात्री ९:४५

नाचणीची कुणी करतं का? मी मैद्याऐवजी ८० ग्रॅम नाचणीचं पीठ घेते, कढईत कोरडं भाजून, दोनदा चाळून. ब्राउनीला तसंही ग्लुटेनची फार गरज नसते, म्हणून भाकरीसारखी भांडत नाही. गरम असताना भुगा होतो, रात्रभर ठेवली की वड्या व्यवस्थित पडतात. रंग तर असा की कोको जास्त पडलाय असं वाटतं. मात्र "पौष्टिक ब्राउनी" म्हणून कुणाला देऊ नका. साखर-बटर तेवढंच आहे.

मेथीची_जुडी | गुरुवार, रात्री १०:१५

केमिस्ट्रीताईंच्या प्रमाणाने आज केली. चॉकलेट मात्र घरात उरलेलं कंपाउंडच वापरलं, फेकवेना. निकाल: कडा खडक. मधे खळ. म्हणजे अक्षरशः मधोमध पीठ वाहत होतं आणि कडेचा तुकडा लेकीच्या मैत्रिणीने टेबलावर आपटून दाखवला. वर तेल सुटलेलं. चव मात्र चवथ्या केकपेक्षा शंभर पटींनी बरी, हे कबूल. मी मधला भाग चमच्याने खाल्ला.

१७० ला बरोब्बर २५ मिनिटं ठेवली होती. मग?

केमिस्ट्रीवाली | गुरुवार, रात्री १०:४०

भांडं कुठलं? पट्टी घेऊन मोज. आतून, तळाशी.

मेथीची_जुडी | गुरुवार, रात्री १०:५१

काचेचं. मोजलं. ७ इंच निघालं. :( मी इतकी वर्षं त्याला आठ इंची म्हणत होते. काठाला काठ मोजलं तर आठ आहे.

केमिस्ट्रीवाली | गुरुवार, रात्री ११:२०

एक चोर सापडला. ८ × ८ म्हणजे ६४ चौरस इंच, ७ × ७ म्हणजे ४९. तेच पीठ तीस टक्के जाड बसलं. कडा शिजून करपायला आल्या तरी मध्यापर्यंत उष्णता पोचलीच नाही. त्यात काच. काच सावकाश तापते, पण एकदा तापली की सोडत नाही, बाहेर काढल्यावरही कडा शिजवत राहते. पातळ ॲल्युमिनियमचं साधं आठ इंची चौकोनी भांडं आण. काळं नॉनस्टिक नको, त्याने कडा लवकर कडक होतात. आणि काच वापरायचीच असेल तर दहा-पंधरा अंश कमी.

तेल सुटलं ते कंपाउंडने, असा माझा संशय. कंपाउंडमध्ये कोको बटर काढून त्याजागी स्वस्त वनस्पती तेल घातलेलं असतं. मोदकाच्या साच्यात ओतायला, केकवर थापायला ते सोयीचं, टेंपर (ठरावीक तापमानाला तापवून-गार करून चमक आणणं) करावं लागत नाही. पण कोको बटर जिभेवर, अंगाच्या उबेला, वितळतं. कंपाउंडची चरबी तशी वितळत नाही, टाळ्याला मेणासारखी बसते. पाकिटाच्या मागे बघ: कोको मास आणि कोको बटर लिहिलेलं असेल तर घे, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर दुकानदार कितीही "मॅडम सेमच आहे" म्हणाला तरी ठेवून ये. किंमत दुपटीहून जास्त आहे, मान्य. पण १८० ग्रॅम हा या पदार्थाचा जीव आहे.

दुसरा चोर अजून मोकळा आहे असं वाटतंय. ओटीजीत थर्मामीटर आहे?

मेथीची_जुडी | गुरुवार, रात्री ११:२६

बटणावर आकडे आहेत की.

कल्याण_स्लो | गुरुवार, रात्री ११:२८

बटणावर आकडे आहेत की!!! हे वाक्य फ्रेम करून लावा.

केमिस्ट्रीवाली | गुरुवार, रात्री ११:४५

हसू नका, सगळ्यांचं तेच असतं. मेथी, ते बटण म्हणजे अंदाज आहे. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर तीन-चारशे रुपयांना मिळतो, आणून जाळीच्या मधोमध ठेव. दिवा विझला की ओटीजी तापला असं आपण समजतो, पण लहान ओटीजीत पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा कॉइल लाल असते आणि आतलं तापमान ठरवल्याच्या बरंच वर गेलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं तापू दे, दोन-तीनदा दिवा लागून विझू दे, मग काटा कुठे स्थिरावतो ते बघ.

मेथीची_जुडी | शनिवार, दुपारी १:००

आणला. बटण १७० वर. काटा २०५ वर!

दहा वर्षं मी या खोट्या माणसाबरोबर संसार केला. (ओटीजीबद्दल बोलतेय.) माझी नानकटाई खालून का लागायची, बिस्किटं का करपायची, सगळ्याचा आज उलगडा झाला. सासूबाईंना मी सांगितलं होतं की तुमच्या पाकृत तूप जास्त आहे. आता त्यांना काय सांगू?

बटण १४० च्या जरा खाली ठेवलं की काटा १७० ला बसतो. मार्करने खूण करून ठेवली आहे.

आबा_सदाशिवकर | शनिवार, दुपारी १:३०

सासूबाईंना काही सांगू नका. सुनेने चूक कबूल केली तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल.

मेथीची_जुडी | रविवार, सायंकाळी ७:३०

सहावा प्रयत्न. खरं चॉकलेट (५५ टक्के कोकोवालं), आठ इंची ॲल्युमिनियमचं भांडं, काटा १७०. २३ व्या मिनिटाला टूथपिकला ओला चुरा आला, काढली. कड मऊ, मधला भाग गच्च, एकसारखी! डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

पण पापडी नाही. वरून मातीच्या अंगणासारखी मंद, सपाट, चमक नाही. लेक म्हणाली, "आई, नव्वद टक्के." पोरीची शाळा बदलावी म्हणते, मार्क फार काटेकोर देते.

केमिस्ट्रीवाली | रविवार, रात्री ८:१०

वा! उरलेले दहा टक्के साखरेत आहेत. साखर कुठली घेतलीस?

मेथीची_जुडी | रविवार, रात्री ८:१४

विकतची पिठीसाखर. तुम्ही मिक्सरमधून फिरवायला सांगितलं होतं, म्हटलं तयारच आहे की घरात. अंडी फ्रिजमधली.

केमिस्ट्रीवाली | रविवार, रात्री ८:५०

दोन्हीकडे गडबड. पाकिटातल्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअर घातलेलं असतं, ते पापडीला मारतं. आपली नेहमीची जाड दाण्याची साखर जशीच्या तशी घातली तर विरघळत नाही, म्हणून एकदाच, दहा सेकंद फिरवायची. बारीक रव्याइतकी. पूड नको.

आणि अंडी थंड असली तर साखर विरघळायला हट्ट करते. तासभर आधी बाहेर काढून ठेव. मी आणखी एक करते: चॉकलेट-बटर वितळलं की त्यातच अर्धी साखर घालून ढवळते. मिश्रण हाताला चांगलं गरम लागेल इतकं ठेवायचं, उकळतं नाही. उरलेली साखर अंड्यांबरोबर फेटायची. मग गरम चॉकलेट अंड्यांत बारीक धारेने, बीटर चालू ठेवून. बोटांत चिमूटभर घेऊन चोळून बघ. कणी लागली तर अजून फेट. कणी लागेनाशी झाली की पापडी येते, मी यात कधी चुकलेली नाही.

लेक_मिशिगनकाठी | सोमवार, सकाळी ७:५०

इथल्या तयार मिक्सच्या खोक्यात नेमकं हेच असतं, साखर फार बारीक दळलेली. म्हणून त्यांची पापडी कधी चुकत नाही. चव मात्र खोक्याची.

आणि हो, कुणी भारताबाहेरच्या पाकृ वापरत असाल तर अंडी मोजून नका घेऊ, वजन करा. इथलं "लार्ज" अंडं कवच काढून ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. तिकडे मी पुण्याला आले होते तेव्हा आईकडची अंडी बरीच लहान होती, तीनाच्या जागी चार लागली. कपाचंही तेच, इथला कप २४० मिलीचा, आईच्या चहाच्या कपात दीडशेही मावत नाही.

उपासाची_मिसळ | सोमवार, सकाळी १०:२०

कापायची कशी? माझ्या वड्या नेहमी फाटतात.

भरडधान्य | सोमवार, सकाळी १०:४५

धीर. पूर्ण गार, मग फ्रिजमध्ये दोन-तीन तास, आणि लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून प्रत्येक काप. खाताना पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायची, फ्रिजमधली थेट खाल्ली तर चॉकलेट मुकं लागतं. सिझलरच्या तापलेल्या तव्यावर ठेवून वर आइस्क्रीम आणि सॉस ओतून धूर काढणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही.

कल्याण_स्लो | सोमवार, सकाळी १०:५०

माझं लग्न त्या सिझलिंग ब्राउनीवर ठरलंय. शब्द जपून वापरा.

मेथीची_जुडी | २२ तारीख, रात्री ११:३०

फोटो डकवलाय. बघा. बघितलात? पापडी!!

काल रात्रीच करून ठेवली. साखर दहा सेकंद फिरवली, अंडी दुपारपासून ओट्यावर, अर्धी साखर गरम चॉकलेटमध्ये. पंचगंगाताईंची काकवी आज दुपारी आली, त्यामुळे ती पुढच्या वेळी. २२ व्या मिनिटाला दार उघडलं तेव्हा वर आरशासारखं चकाकत होतं, मी ओरडले, नवरा धावत आला, त्याला वाटलं भाजलं. गार होताना तडे गेले, बारीक, भेगाळलेल्या शेतासारखे. सुरी घातली तर पापडी करकरली.

सोळा वड्या केल्या. कोपऱ्याच्या चार वड्यांवरून मुलांत मारामारी. लेकीने मार्क दिले नाहीत, तिसरी वडी उचलली.

सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. त्या अंडं खात नाहीत. ताटलीकडे बघत म्हणाल्या, "वास तर बरा येतोय," आणि उठून गेल्या. त्यामुळे पुढच्या रविवारी बिनअंड्याची करणं आलं. उपासाची_मिसळताई, तुमची ती २५ मिनिटं ओटीजीच्या बटणाची की काट्याची?

उपासाची_मिसळ | २२ तारीख, रात्री ११:४८

अगं माझ्याकडे कुठला काटा? बटणाची. तू एकविसाव्या मिनिटाला दार उघड.